आत्यांचा जबडा

आमच्या आत्यांना "बऱ्या आहात का?" असं नुसतं विचारायचीसुद्धा सोय नव्हती. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची रीत आहे आणि सासऱ्यांना मामा. बऱ्या आहात का म्हटलं, की त्या आधी बसायला जागा बघायच्या, पदर सारखा करायच्या आणि म्हणायच्या, "मुळापास्नं सांगते." मग ते मूळ कुठं असेल याचा काही नेम नसायचा. साध्या सर्दीचं मूळ त्यांच्या माहेरच्या विहिरीत निघायचं. विहीर कुणी खणली, खणताना कोण कुणाशी भांडलं, त्या भांडणात कुणाची सोयरीक मोडली, असं करत करत सर्दीपर्यंत येईतोवर विचारणाऱ्याच्या चहावर साय धरलेली असायची.

मी बारामतीत वाढलेली, बी.एड. झालेली, भवानीनगरजवळच्या एका शाळेत गणित शिकवणारी. मला उत्तर एका ओळीत लागतं. लग्न होऊन कळंबला आले आणि पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, आत्या, हिंगाची डबी कुठं आहे? झालं. ती डबी कुठल्या जत्रेतून आली इथून जी गाडी सुटली, ती आमटी करपली तेव्हाच थांबली. डबी माझ्या डोळ्यांसमोर फळीवर होती! संध्याकाळी मी नवऱ्यापाशी कुरकुर केली, तर हे शांतपणे म्हणाले, तिला मधे तोडायचं नाही, तोडलं की ती परत पहिल्यापासून सुरू करते. हा सल्ला मला लग्नाआधी मिळायला हवा होता.

गावाला मात्र त्यांच्या या बोलण्याचा उपयोग व्हायचा. शेजारच्या रानात दोघा सख्ख्या भावांचं बांधावरून जुंपलं होतं. एकानं बांध कोरला म्हणून दुसरा कुऱ्हाड घेऊन आला होता. गावातली चार शहाणी माणसं येऊन, हात जोडून परत गेली. आत्या शेवग्याच्या शेंगा काढायला निघाल्या होत्या, त्या वाट वाकडी करून गेल्या आणि दोघांच्या मधोमध, त्या कोरलेल्या बांधावरच फतकल मारून बसल्या. त्या भावांचा आजा या रानात पहिल्यांदा आला तिथून त्यांनी सुरुवात केली. आज्याची बैलजोडी, पाटाला पाणी आलं तो दिवस, धाकट्याला पाठीशी बांधून त्यांच्या आईनं केलेली उसाची लागण, सगळं आलं. कुणी तोंड उघडलं की "थांब रं, तुजंच येतंय आता" म्हणून त्याला गप्प करायच्या. उन्हं डोक्यावर आली, दोघांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. शेवटी थोरला म्हणाला, आक्का, बास करा, घेऊ दे त्याला हातभर रान. धाकटा म्हणाला, मला काय करायचंय हातभर रान घेऊन. दोघं एकाच मोटारसायकलवरून घरी जेवायला गेले. आपली गोष्ट अर्धीच राहिली म्हणून आत्या घरी येऊन चिडचिड करत बसल्या, ती आम्ही सोसली.

बोलण्याखालोखाल त्यांना कौतुक होतं ते आपल्या दातांचं. कारखान्याला ऊस जायला लागला की त्या एखादं कांडं घेऊन ओट्यावर बसायच्या आणि दातांनी टराटरा साल काढायच्या. मी सुरीनं सोलून, बारीक तुकडे म्हणजे करवे करून खाते हे बघून म्हणायच्या, "मास्तरीण, दात भाड्यानं आणल्यात का गं?" सुपारीला त्यांना अडकित्ता लागत नसे. आणि या दातांची निगा कशी, तर मिसरी! तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, तिची पूड करायची आणि सकाळी चहा झाला की बोटानं दात-हिरड्यांवर घासत बसायचं. आमच्या भागातल्या जुन्या बायकांचं ते व्यसन आणि तोच त्यांचा घटकाभराचा आराम. मी शाळेत तंबाखूविरोधी फलक लावणारी बाई, माझ्याच घरात सकाळी सकाळी हा कार्यक्रम. मी डबी लपवायची, त्या शोधायच्या. तेवढा वेळ त्या गप्प असायच्या, हा त्यातला फायदा.

मग हळूहळू त्यांचं दुखणं सुरू झालं. हळूहळू म्हणजे इतकं, की दुखणं आलंय हेच आम्हाला कळलं नाही. पहिल्यांदा मुतखडा झाला. आता मुतखड्याला आमच्याकडं कुणी आजार म्हणत नाही. बोअरचं पाणी जड आहे, खडा होणारच, असं सगळ्यांचं ठरलेलं असतं. हुलग्याचं कढण प्यायचं, पानफुटीची पानं खायची, खडा पडला की विसरून जायचं. आत्यांना परत खडा झाला तेव्हा आम्ही घरात पाण्याचा फिल्टर बसवला. फिल्टरचं पाणी पिऊनही खडा झाला, तेव्हा आम्ही म्हटलं, आधीच्या पाण्याचा असेल. एकालाही शंका आली नाही. मी गणिताची बाई, मलाही नाही.

मग हाडं दुखायला लागली. मांड्या, कंबर, टाचा. रानात राबलेली हाडं आहेत, दुखणारच. पाण्याची कळशी उचलताना मनगट मोडलं. वय झालं, मोडणारच. आम्हा लोकांजवळ प्रत्येक दुखण्याचं उत्तर तयार असतं, ते असं. माझी नणंद सुनीता, वन्सं म्हणते मी त्यांना, इंदापूरला असतात. त्या आल्या की आईसाठी कॅल्शियमच्या गोळ्यांच्या बाटल्या आणायच्या. रोज दोन गोळ्या आणि रात्री तांब्याभर दूध, असा त्यांचा हुकूम. गोळ्या वेळेवर संपायच्या म्हणून आम्ही खूश. एकदा मी गोठ्यात गेले, तर आत्या म्हशीच्या पेंडीत गोळ्या कुस्करून घालत होत्या! म्हैस नुकती व्यालेली. मला बघून अजिबात न दचकता म्हणाल्या, "हिला कॅल्शियम लागतंय. मला कुठं पारडं पाजायचंय?"

एवढ्यावर आम्ही हसलो. हसू आटलं ते वेगळ्याच गोष्टीनं. आत्यांचा धागा तुटायला लागला. ऐन रंगात आलेली गोष्ट मधेच थांबायची. त्या माझ्याकडं बघायच्या, मामांकडं बघायच्या. "काय सांगत हुते मी?" असं विचारायच्या. आम्ही सांगितलं तरी पुढचं त्यांना सापडायचं नाही. मग उठून आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडायच्या. घरात शांतता व्हायला लागली. इतकी वर्षं जी शांतता मी मागत होते ती मिळाली आणि मला घर खायला उठल्यासारखं वाटायला लागलं, हे खरं सांगते.

मामा अबोल माणूस. त्यांना दिवसातून दहा वाक्यं पुरायची. पण त्या दिवसांत ते रानातून आले की आत्यांच्या उशाशी बसून आपणच काहीतरी विचारायचे, मोटारीचं, म्हशीचं, जुन्या कुणाचं. त्यांना चूल पेटवता येत नसावी आणि ते लाकडं मात्र सरकवत बसलेत, असं ते दिसायचं.

पावसाळा सरता सरता आत्या भाकरी दुधात कुस्करून खायला लागल्या. दात हलतोय म्हणाल्या. घरातही पदर गालावरून घ्यायला लागल्या, मला वाटलं दाढ सुजली असेल. एके सकाळी परसात त्या चूळ भरत होत्या आणि पदर खांद्यावर होता. डाव्या बाजूला खालच्या जबड्यावर लिंबाएवढी गाठ होती. मी ओरडलेच. त्यांनी आधी परसाचं दार लोटून घेतलं आणि मग हळू म्हणाल्या, "मिसरीनं खाल्लं मला. कुणाला बोलू नगंस." कितीतरी महिने त्यांना ते ठाऊक होतं. हिंगाच्या डबीची गोष्ट आमटी करपेपर्यंत सांगणाऱ्या बाईनं ही एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नव्हती. लाज वाटत होती त्यांना. आपल्या हातानं आपण करून घेतलं, आता पोरांना काय तोंडानं सांगायचं, असं त्यांना वाटत होतं. मी तिथंच त्यांना धरून रडले आणि वर भांडलेही.

आम्ही पुण्याला नेलं. गाठीचा तुकडा तपासला. कॅन्सर नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा ह्यांनी तिथल्या तिथं देवाला हात जोडले. पण डॉक्टरांचं बोलणं संपलं नव्हतं. ही मोठ्या पेशींची गाठ आहे, ती हाड पोखरत जाते, खूप पोखरलंय, जबड्याचा एवढा भाग काढावा लागेल, त्या जागी पायाचं हाड बसवू. माणूस चांगला होता, त्यांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. आत्यांनी पूर्ण वेळ त्या चित्राकडं बघितलं आणि एकच विचारलं.

"बोलता यील का वो?"

"येईल, आजी. पहिल्यासारखं स्पष्ट नाही येणार. सरावानं येईल बरंच."

तारीख ठरली. त्याआधी जवळच्या दंतवैद्याकडून तोंड साफ करून घ्या, हलणाऱ्या दातांचं काय ते बघून घ्या, असं सांगून त्यांनी आम्हाला पाठवलं. येताना गाडीत आत्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला चुलीपाशी बोलावलं, पाट दिला आणि म्हणाल्या, शाळेला सुट्टी टाक. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. आमच्या घराण्यात कोण कुठून आलं, कुठल्या सोयऱ्याशी का बोलायचं नाही, कुणाचं लेकरू कशानं गेलं, कुठलं झाड कुणी लावलं. धागा तुटला की डोळे मिटून कपाळावर मूठ मारून घ्यायच्या आणि परत धरायच्या. "आत्ताच ऐकून घे. परत मला न्हाय सांगता यायचं," एवढंच मधे मधे म्हणायच्या. मी मधे तोडलं नाही.

त्यात, त्या मला बघायला आल्या होत्या त्या दिवसाचंही निघालं. मी विसरले होते. त्या दिवशी त्या बारामतीला आमच्या घरी बसून काहीतरी लांबण लावत होत्या, आणि मी, बघायला आलेल्या सासूला, म्हणाले होते, आई, पोहे गार होतायत, आधी खाऊन घ्या. माझी आई पांढरीफटक पडली होती. आत्या म्हणाल्या, "तवाच ठरिवलं, हीच पायजे. आमच्यात समदी मुकी. एक तरी पायजे का न्हाय, मला गप बस म्हणणारी?" त्यावर मला जे रडू कोसळलं ते काही केल्या आवरेना. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि गाठ माझ्या कपाळाला लागत होती.

तोंड साफ करायला आम्ही बारामतीला गेलो, तो नेमका बाजारचा दिवस निघाला. डॉक्टर मेघना म्हणून एक तरुण डॉक्टरीणबाई, मार्केट यार्डाच्या बाजूला तिचा दवाखाना. बाजारच्या दिवशी खेड्यातली माणसं पिशव्या बाहेर ठेवून दात उपटून घ्यायलाच येतात, त्यामुळं बाकड्यावर जागा नव्हती. आमचा नंबर लागला. तिनं आधी सगळ्या जबड्याचा फोटो काढला आणि तो पडद्यावर लावून बघत बसली. मग खुर्ची आत्यांजवळ ओढून विचारलं, आजी, तोंड सोडून आणखी कुठं दुखतं का?

मी डोळे मिटले. आत्यांनी पदर सारखा केला. "मुळापास्नं सांगू?"

"आत्या, थोडक्यात," मी म्हणाले. "बाहेर लोक बसलेत."

"नाही मॅडम, सांगू दे त्यांना मुळापासून," मेघना म्हणाली.

आणि आत्या सुरू झाल्या. मूळ होतं बोअर मारल्याच्या वर्षात. बोअरचं यंत्र कुणी आणलं, किती खोल गेलं, पाणी लागलं तेव्हा मामा कसे नाचले, म्हणजे आमचे मामा! मग त्या पाण्याचा खडा, हुलग्याचं कढण, परत खडा. मेघनानं हातातलं पेन खाली ठेवलं. मग मांड्या, टाचा, कळशी, मोडलेलं मनगट. धागा तुटला की ही पोरगी तो उचलून त्यांच्या हातात द्यायची, आजी, तुम्ही कळशीचं सांगत होतात. तहान लागते का? लागते, उशाशी घागर ठेवते. पोट साफ होतं का? त्याचीही एक गोष्ट निघाली. विसरायला होतं का? इथं आत्या थांबल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर कुणीतरी दार वाजवलं. मेघनानं लक्ष दिलं नाही.

शेवटी ती म्हणाली, आज एकही दात काढायचा नाही, आधी रक्तातलं कॅल्शियम बघू. माझं डोकं तडकलं. ऑपरेशन तोंडावर आलंय आणि ही काय नवीन तपासणी? मी म्हणाले, म्हाताऱ्या बाईचं कॅल्शियम कमी असणार हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

"कमी नाही, मॅडम. मला वाटतं, जास्त असेल."

तिनं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. प्रत्येक दाताच्या मुळाभोवती हाडाची एक बारीक पांढरी रेघ असते. आत्यांच्या फोटोत ती सगळ्याच दातांभोवती पुसट झाली होती, गाठ नव्हती त्या बाजूलाही. दुखणं एकट्या जबड्याचं असतं तर पलीकडचं हाड का विरघळलं असतं? आपल्या गळ्यात थायरॉइडच्या मागं डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं ते त्या बघतात. त्यातली एक बिघडून सुजली, तर ती हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात टाकतच राहते. जास्तीचं मूत्रपिंडात जाऊन खडे होतात, हाडं पोकळ होतात, डोकं चालेनासं होतं, आणि एखाद्याच्या जबड्यात अशी गाठ येते. दिसायला ती मोठ्या पेशींच्या गाठीसारखीच असते, तुकडा तपासूनही फरक कळत नाही. तो रक्तातच कळतो.

कॅल्शियम जास्तच निघालं. आमच्या घरात त्यावर रण पेटलं. हे म्हणाले, पुण्याचे एवढे मोठे डॉक्टर एक सांगतात आणि ही कालची पोरगी एक, तोवर गाठ वाढली तर? वन्सं फोनवरून रडत होत्या. मलाही धीर होत नव्हता. आत्यांनी सगळ्यांना बोलू दिलं, ही नवलाची गोष्ट. मग म्हणाल्या, "तिनं माझं समदं ऐकून घ्येतलं. तुमी घरच्यांनी कवा घ्येतलं का? ती म्हणती तसंच करायचं." मेघनानं पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला होता. त्यांनीही आढेवेढे न घेता जबड्याचं ऑपरेशन थांबवलं आणि गळ्याची तपासणी करायला सांगितली. डाव्या बाजूची एक ग्रंथी शेंगदाण्याएवढी सुजलेली सापडली.

मामांना हे काही केल्या कळेना. दुखतंय जबड्यात आणि कापायचा गळा? तेव्हा आत्यांनीच त्यांना समजावलं. "असं बगा, गळ्यात माझ्या एक पाटकरी हाय. त्यो झोपलाय पाटाचं दार उघडं टाकून. हाडातलं समदं पाणी चाललंय रक्तात वाहून. जबड्यापाशी बांध फुटलाय. आता बांध लिपून काय उपेग? आदी दार नगं का लावायला?" मामांनी आयुष्यभर पाटाच्या पाण्याची पाळी धरलेली. त्यांना लगेच पटलं. नंतर मेघनाला मी हे सांगितलं तेव्हा तिनं ते माझ्याकडून परत म्हणवून घेतलं.

पण त्यातही एक काटा होताच. या ग्रंथीच्या जवळून आवाजाची नस जाते, असं सर्जननं सांगितलं. धोका अगदी थोडा, पण आहे. म्हणजे परत आवाजच! आत्या म्हणाल्या, व्हय म्हणा, आणि कागद ओढून सही केली.

ऑपरेशन झालं. आत्या शुद्धीवर आल्यावर सर्जन खाटेपाशी आले आणि म्हणाले, आजी, नाव सांगा तुमचं. आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे होतो. आत्यांनी ओठ हलवले, आवाज नाही. परत हलवले. मग घोगरं, पण स्वच्छ ऐकू आलं, "हौसाबाई." आणि थांबल्या. मामांनी माझं मनगट इतकं आवळलं की दुखलं. मग आत्या पुढं म्हणाल्या, "पण हौसा नाव कसं पडलं, तर मला तीन भाऊ, मग माझ्या आजीनं..." सर्जन घड्याळाकडं बघत होते, नर्स हसत होती. मी बाहेर जिन्यात जाऊन बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

आता हाडांना इतक्या वर्षांची भूक लागली होती. ती रक्तातलं कॅल्शियम गपागप ओढून घ्यायला लागली, आत्यांच्या ओठांना, बोटांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी मूठमूठ कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. आधीच्या गोळ्या तुम्ही म्हशीला घातल्यात ते फार बरं केलंत, असं मेघना म्हणाली. घरी आल्यावर आत्या गोळ्या घेऊन गोठ्यात गेल्या आणि म्हशीला दाखवून दाखवून खाल्ल्या.

जबड्याला कुणी हात लावला नाही. पोखरलेलं हाड आपलं आपण भरत आलं. काही महिन्यांनी मेघनानं दोन फोटो शेजारी शेजारी लावले, तर दातांभोवतीच्या त्या रेघा परत उमटायला लागल्या होत्या. गाठीच्या जागी हाताला लागेल एवढा उंचवटा राहिला. हलणारा दात घट्ट झाला. आणि एका दुपारी आत्यांनी एक गोष्ट सांगितली ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे न थांबता. गोष्ट कुणाच्या तरी हरवलेल्या शेळीची होती. मी पेपर तपासत होते, पण लाल पेन उचललं नाही.

पुढं त्यांनी जो उच्छाद मांडला त्याला तोड नाही. लग्नात, बारशात, एस.टी.त, जो भेटेल त्याला गळ्यावरची खूण दाखवायच्या. मुतखडा झालेल्या माणसाला तर त्या सोडतच नसत. कळंबमधले निम्मे खडेवाले त्यांनी बारामतीला पिटाळले. एकाचंही कॅल्शियम जास्त निघालं नाही. मेघनानं मला फोन करून अक्षरशः हात जोडले, म्हणाली, मॅडम, तो आजार फार क्वचित होतो हो, खडे बहुतेकांना साधेच असतात, आजींना सांगा ना. मी सांगितलं. आत्या म्हणाल्या, बघायला काय जातंय?

एका बाबतीत मात्र मला त्यांचं फार कौतुक वाटतं. त्यांची गाठ मिसरीची नव्हती हे कळल्यावर गावातल्या बायकांनी सोयीचा अर्थ काढला. बघा, हौसाआक्का जन्मभर मिसरी लावते, काय झालं तिला? आणि डब्या परत बाहेर निघाल्या. आत्यांना ते कळलं तेव्हा त्या संतापल्या. स्वतःची डबी त्यांनी गाठ दिसली तेव्हाच उकिरड्यावर फेकली होती. आता त्या घरोघर जाऊन बसायला लागल्या. "माजी न्हवती मिसरीची, पण तुजी असंल की. माजी पाटकऱ्याची निगाली म्हणून वाचले, तुला कोण वाचिवणार?" असं तोंडावर म्हणायच्या. एकीच्या गालात आत पांढरा चट्टा होता, ती कुणाला दाखवत नव्हती, लाजत होती. तिच्यापाशी आत्या रोज जाऊन बसायच्या. काय बोलायच्या देव जाणे, पण शेवटी तिला घेऊनच बारामतीला आल्या. तिचा चट्टा डॉक्टरांनी वेळेत काढून टाकला. ती बाई आजही रस्त्यात भेटली की आधी आत्यांचंच नाव काढते.

आत्या गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. जबड्यानं नाही, गळ्यानं नाही. इंदापूरला वन्संच्या घरी, सकाळचा चहा घेऊन झाल्यावर, छातीत कळ आली आणि गेल्या. डॉक्टर यायच्या आत सगळं संपलं होतं. वन्संच्या सुनेचं डोहाळजेवण होतं म्हणून त्या तिकडं गेल्या होत्या. मीच त्यांना गाडीत बसवून दिलं होतं.

त्या दिवशी मेघनाकडं दाखवून झालं, सगळं उत्तम होतं. मग बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची गाडी लागली होती, आत्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी. मला शाळेत पोचायची घाई होती, मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधत होते. वर बघते तर आत्या काचेआडून मला काहीतरी सांगत होत्या. काच घट्ट बसलेली, सरकत नव्हती. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं होतं आणि वर कर्ण्यातून दौंडच्या गाडीची सूचना चालली होती. मी कानाला हात लावून खूण केली, ऐकू येत नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढं सांगत राहिल्या. कंडक्टरनं बेल मारली. गाडी मागं यायला लागली तशी त्यांची डावी बाजू माझ्याकडं झाली. पदर खांद्यावर होता. तो जबडा वर-खाली होत होता, भरभर, ठणठणीत. मला एक शब्द कळत नव्हता. मी किल्ली शोधायची सोडून नुसती बघत उभी राहिले आणि हो, हो, अशी मान हलवत राहिले. गाडी फाटकातून वळली तरी त्या बोलतच होत्या.